सोंगाड्याची नोकरी : बेळगावात राहून विनोदावर पोट भरतं का?

तिसरं गेट (धागाकर्ता)

भाचा तेवीस वर्षांचा. मेकॅनिकल झालाय. उद्यमबागेत एका फौंड्रीत ट्रेनी म्हणून सात महिने काढले आणि गेल्या महिन्यात राजीनामा देऊन घरी येऊन बसला. आईला, म्हणजे माझ्या ताईला, म्हणाला, "मी विनोदी नट होणार, स्वतः लिहिणार आणि इम्प्रॉव्ह करणार." पहिली दोन ताईनं कशीबशी पचवली. तिसऱ्यावर विचारलं, "ते काय असतंय?" हा म्हणाला, "स्टेजवर जायचं, पण काय बोलायचं ते आधी ठरवायचं नाही." ताई म्हणाली, "ते तर तू घरात पण करतोसच की."

तेव्हापासून ताई माझ्याशी धड बोलत नाही. आठव्या वर्षी त्याला एकांकिकेच्या तालमीला मीच नेलं होतं, म्हणून मूळ गुन्हेगार मी.

मी साधा नोकरदार. वीसेक वर्षं हौशी नाटकं केली, गल्लीच्या गणपतीसाठी प्रहसनं लिहिली, एवढंच भांडवल. इम्प्रॉव्ह हा शब्द भाच्याकडूनच ऐकला. त्यानं मोबाइलवर दाखवलं तेव्हा लक्षात आलं की हे एकदा मीही केलंय, फक्त जीव मुठीत धरून.

खानापूरकडचं एक गाव, गणपतीतलं नाटक. मी सावकाराचा मुनीम. चोरी झालीय, आता पोलीस पाटील येऊन तपास करणार. पाटील येईचना. विंगेत त्याची मिशी चिकटेना, घामानं गम सुटत होता. मी दोन मिनिटं तिजोरीभोवती फिरलो (तिजोरी म्हणजे टीव्हीचा रंगवलेला खोका). शेवटी पहिल्या रांगेत घोंगडं पांघरून बसलेल्या एका अज्जांना म्हटलं, "या पाटील, तुम्हीच बघा, चोर कोण ते." अज्जा जागचे हलले नाहीत. ओठात तंबाखूची चिमूट सारली, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "नीन कळ्ळ." तूच चोर! लोकांनी मांडव डोक्यावर घेतला. मी काय करणार? हात वर केले आणि कबूल झालो. मग मिशी चिकटवून खरा पाटील आला, तर त्याला कळेना की तिसऱ्या अंकात सापडायचा चोर पहिल्याच अंकात हात वर करून का उभा आहे, आणि तोही भलताच. नाटक लिहिणाऱ्यानं माझ्याशी आठ दिवस अबोला धरला.

तर, यावर पोट भरतं का? बेळगावात राहून होतं, की पुण्या-मुंबईलाच गेलं पाहिजे? आणि त्यात शिकायचं ते नेमकं काय? ताई असल्या साइटी वाचत नाही, तेव्हा मोकळेपणानं लिहा.

निपाणीकर

पोट भरत नाही. धागा बंद करायला हरकत नाही.

बरं, जरा सविस्तर. माझा चुलतभाऊ पंधरा वर्षं ऑर्केस्ट्रात मिमिक्री करतोय. गणपती, नवरात्र, जत्रा, लग्नसराई एवढाच सीझन. पावसाळ्यात हात चोळत बसायचं. आता त्याचं घर चालतं ते लग्नातल्या निवेदनावर आणि दुकानांच्या उद्घाटनांवर. विनोद सांगितल्याचे पैसे कुणी देत नाही हो, माइक धरल्याचे देतात. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, गडहिंग्लज, कागल एवढा त्याचा मुलूख. मराठीत सुरू करतो, मुलीकडचे कन्नड निघाले की मध्येच गिअर बदलतो. तुमच्या भाच्याला दोन्ही भाषा येत असतील तर उपाशी मरणार नाही, एवढंच सांगू शकतो.

जुना पंखा

मी १९६७ ते ८१ मुंबईत नोकरीला होतो. 'विच्छा माझी पुरी करा' चारदा बघितलं आणि चारही वेळा वेगळं बघितलं. वसंत सबनीसांचं लोकनाट्य, १९६५ सालचं, हवालदाराच्या कामात दादा कोंडके. संहिता होतीच, पण सकाळी पेपरात आलेली भानगड रात्री हवालदाराच्या तोंडी असायची. समोर कुणी उशिरा येऊन खुर्ची शोधायला लागला की त्याचं काही खरं नसे. दीड हजारांवर प्रयोग झाले. आशा भोसल्यांनी भालजी पेंढारकरांकडं शब्द टाकला आणि १९६९ च्या 'तांबडी माती'तून दादा पडद्यावर आले. पण त्याआधी सेवा दलाच्या कलापथकात वर्षानुवर्षं घासलेला माणूस होता तो, हे विसरू नका. हजरजबाबीपणा उपजत असतो असं म्हणणाऱ्यांनी त्या कलापथकांचे दौरे बघायला हवे होते.

दुसरं असं की ही काहीतरी परदेशी नवलाई आहे असं ऐकलं की मला हसू येतं. मराठी रंगभूमीची सुरुवातच तशी झाली. १८४३, सांगली, विष्णुदास भावे, 'सीतास्वयंवर'. उत्तर कन्नडातल्या कर्कीहून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ बघून सांगलीच्या राजेसाहेबांनी भाव्यांना सांगितलं, असं आपल्याकडं उभं करा. भाव्यांनी पदं रचली. सूत्रधारानं पदं म्हणायची आणि नटांनी त्या धोरणानं आपापली भाषणं जागच्या जागी करायची! विदूषक वनचर होऊन यायचा, त्याची नि सूत्रधाराची टोलवाटोलवी कुठल्या कागदावर होती? मग राक्षस आले की अललडुर्र! पुढं १८६१ साली कीर्तन्यांचं 'थोरले माधवराव पेशवे' आलं, लिहून काढलेलं, पाठ करून म्हणायचं. असल्या नाटकांना लोक 'बुकिश' म्हणायचे. म्हणजे नवल वाटायचं ते पाठ करण्याचं.

आणि त्याच १८४३ साली आपल्या सौंदत्ती तालुक्यात गुर्लहोसूरला अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले. 'शाकुंतल' १८८० चं. अण्णासाहेबांनी बेळगावात सरकारी कचेरीत नोकरी केली. फौंड्रीचा राजीनामा परत घेता येत असेल तर बघा, एवढं भाच्याच्या कानावर घाला.

घटप्रभा

जुना पंखा काका, दंडवत. भागवतांचा विषय काढलात म्हणून लिहिते.

माझं माहेर गोकाककडचं. घरी मराठी, शाळा कन्नड. आमच्याकडं श्रीकृष्ण पारिजात हा रात्रभराचा खेळ. कुलगोड तम्मण्णा, कौजलगी निंगम्मा ही आमच्या भागातली मोठी नावं. निंगम्मांनी बाई असून स्वतःचा मेळ काढला होता. आजी त्यांचं नाव काढताना पदर सारखा करायची. गोष्ट सगळ्यांना पाठ : नारद पारिजातकाचं फूल आणतो, ते रुक्मिणीला मिळतं, सत्यभामा रुसते. मग पहाटेपर्यंत लोक कशाला बसतात? तर दूती आणि भागवत, म्हणजे सूत्रधार, यांच्या बोलाचालीसाठी. त्यात गाव येतं, पंचायत येते, कुणाची म्हैस कुणाच्या उसात शिरली ते येतं.

लहानपणीचं एक डोळ्यांसमोर आहे. दूती विचारते, द्वारकेला जायची वाट कुठली? भागवत म्हणतो, ह्या पुलावरून. आमच्या गावचा पूल तेव्हा चार वर्षं अर्धवट पडला होता. दूती पुलाच्या दिशेला बघत राहिली. काही बोलली नाही. नुसती बघत राहिली. मग लुगडं गुडघ्यापर्यंत वर धरलं आणि पाण्यातून चालल्यासारखी एकेक पाऊल टाकत स्टेजच्या दुसऱ्या टोकाला गेली. पहिल्या रांगेत पुढारी मंडळी होती. त्यांनाही हसावंच लागलं.

मला मात्र तेव्हापासून दूतीपेक्षा भागवत आवडतो. ती काहीही बोलो, तो मान हलवून एवढंच म्हणायचा, "हौदु… मत्त?" हो… आणि मग? त्यानं विचारलं नसतं तर दूती कुठवर गेली असती?

सीमेवरचा शिपाई

म्हणजे मराठी रंगभूमी ही कानडी देणगी आहे असं सुचवायचंय का? धाग्याचा रोख कळतोय. बेळगावात मराठी पाट्यांची काय अवस्था आहे त्यावर

संपादक मंडळ

सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे. त्यावर सध्या ८१२ प्रतिसाद आहेत. ८१३ वा तिकडं द्यावा. वरचा प्रतिसाद अर्ध्यावर कापला आहे.

खानापूरचा, सध्या पुणे

"हौदु, मत्त" वाचून खुर्चीतून उठलोच. शिकागोत ह्याच दोन शब्दांवर शाळा चालते, "येस, अँड". समोरच्यानं जे मांडलं ते नाकारायचं नाही, मान्य करून त्यात आपली भर घालायची. धागाकर्त्यांनी हात वर केले तेही तेच. "मी चोर नाही" म्हणाला असतात तर खेळ तिथंच मेला असता.

मी सहा वर्षं पुण्यात हे करतोय. सहा जणांचा गट, आठवड्याला दोन तालमी. लोक विचारतात, बोलणं आधी ठरवायचंच नाही तर तालीम कसली? क्रिकेटमध्ये पुढचा चेंडू कुठं पडणार ते माहीत नसतं, म्हणून कुणी नेट्स बंद करतं का?

ह्यातले बरेच खेळ व्हायोला स्पोलिन या बाईंनी बसवले. शिकागोत वेगवेगळ्या देशांतून आलेल्या कुटुंबांची पोरं एकत्र आणून त्या नाट्य-खेळ घ्यायच्या. पोरांची भाषा एक नाही, रीतभात एक नाही, म्हणून संवाद पाठ करून घेण्याऐवजी खेळ. त्यांचा मुलगा पॉल सिल्स हा १९५९ साली शिकागोत 'सेकंड सिटी' ही विनोदी नाटकमंडळी काढणाऱ्यांपैकी एक. म्हणजे या कलेच्या मुळाशी एक सरमिसळ भाषेची गल्ली आहे. आता सांगा, ती गल्ली बेळगावच्या शहापुरात नाही का?

एक खेळ सांगतो. दोघांनी मिळून गोष्ट सांगायची, पण एकेका शब्दानं. मी एक शब्द, तू एक शब्द. इंग्रजीत हे सरळ पळतं. मराठीत आमची दातखीळ बसली, कारण आपलं क्रियापद शेवटी. "म्हातारीनं – काल – बाजारातून – एक – भलामोठा –" इथवर आनंद. भलामोठा म्हटल्यावर पुढच्याला पुल्लिंगी वस्तूच द्यायला हवी आणि म्हातारीनं ती आणली, विकली की फेकली हे शेवटचा माणूस ठरवणार. म्हणजे मराठीत हा खेळ खेळायचा तर वाक्य संपेपर्यंत कान टवकारून बसावं लागतं. मी पहिल्या दिवशी आपल्या सवयीनं "भलामोठा – भाकरी – आणलं" केलं. पुण्याची मंडळी पाच मिनिटं हसत होती. मला आधी लाज वाटली. मग लक्षात आलं की ह्याच बोलीवर अख्खा महाराष्ट्र हसलाय आणि तिच्यावर जीवही टाकलाय. पुलं आर.पी.डी. कॉलेजात शिकवायला बेळगावात होते, 'गणगोत'मधले रावसाहेब आपल्याच गावचे. तेव्हापासून मी लिंग सुधारायचं सोडलं.

आता पोटाचं. इम्प्रॉव्हच्या तिकिटांवर मी जगत नाही. महिन्याला त्यातून मोबाइलचं बिल आणि पेट्रोल निघतं. घरभाडं निघतं लिहिण्यातून : जाहिरातींच्या ओळी, यूट्यूबवाल्यांची स्किटं, कंपन्यांच्या वार्षिक समारंभांची प्रहसनं. आणि हे दोन वेगळे धंदे नाहीत. सेकंड सिटीत रात्रीचा कार्यक्रम संपला की नट पुन्हा येऊन लोकांकडून विषय घेतात, त्यातलं जे जमतं ते पुढं घासून, पक्कं करून मुख्य कार्यक्रमात जातं. टीना फे तिथूनच १९९७ साली 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या अमेरिकन टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात गेली ती लेखक म्हणून. दोन वर्षांत मुख्य लेखक, त्या कार्यक्रमातली पहिली बाई त्या खुर्चीवर. नटी म्हणून लोक ओळखायला लागले ते त्यानंतर.

म्हणून भाच्याला एकच विचारा. स्टेजवरून उतरल्यावर त्याच रात्री वही उघडतोस का?

बुकिश

(जुना पंखा यांच्याकडून नाव उसनं घेतलं आहे. आधीचा आयडी कंटाळवाणा होता.)

मी विरुद्ध बाजूनं बोलतो. उत्स्फूर्त उत्स्फूर्त म्हणून फार चढवू नका. मी बघितलेलं बरंचसं उत्स्फूर्त म्हणजे तीन पोरं एकमेकांच्या बोलण्यावर बोलतायत आणि चौथा मोठ्यांदा शिवी देतोय. शिवीवर हशा येतो, तो मोजू नका.

'महाराष्ट्राची हास्यजत्रा' बघा. २०१८ पासून चालू. समीर चौघुले, प्रसाद खांडेकर ही मंडळी लिहितातही आणि करतातही. बघणाऱ्याला वाटतं, आत्ता सुचलं. लिहिलेलं आहे, बसवलेलं आहे. आत्ता सुचल्यासारखं वाटणं हीच तर खरी मेहनत. पुलंचं 'बटाट्याची चाळ' एकट्यानं तीन तास. त्यात किती विराम कुठं घ्यायचा हे ठरलेलं असणार, नाहीतर एवढी माणसं एका गळ्यातून निघत नाहीत.

आणि अशोक सराफ. जन्म मुंबईचा, घराणं मूळ आपल्या बेळगावचं. स्टेट बँकेत नोकरी करत करत नाटकं केली. 'ययाती आणि देवयानी'त विदूषक, मग १९७५ ला 'पांडू हवालदार', २०२५ ला पद्मश्री. ह्या मधल्या वर्षांत बँकेची हजेरी पण आहे, हे भाच्याला ठळक अक्षरांत सांगा.

चंदगडी

बुकिशराव, तुम्ही आंबोली उतरून खाली कोकणात या एकदा. दशावतारात संहिता नाहीच. खेळाआधी मेकअप करता करता मालक सांगतो, आज अमुक आख्यान, तू हा, तू तो, युद्ध इथं, झालं. बाकी संवाद पेटीवाल्याच्या आणि मृदंगाच्या साक्षीनं उभ्या उभ्या. पण त्या नटांना पुराणं तोंडपाठ असतात. शेजारच्या गड्यानं कुठलंही उपकथानक काढलं तरी अडत नाहीत. गावच्या जत्रेत संकासुराला मी बघितलंय, एका पोराच्या हातातल्या फुग्यावर अर्धा तास काढलान. पोराला शेवटी रडू फुटलं तर त्यालाच स्टेजवर घेऊन फुगा परत केलान. ते कुणी लिहून दिलं होतं?

शिवीचं मात्र खरं बोललात.

बुकिश

पुराणं तोंडपाठ! म्हणजे आलाच की माझ्या बाजूला.

चंदगडी

हौदु, मत्त? :)

रिहर्सलवाली

घटप्रभाताई सोडल्या तर सगळे पुरुष बोलतायत म्हणून मध्ये पडते. मी बेळगावातच हौशी रंगभूमीवर बारा वर्षं आहे. विनोदात बाईला काय मिळतं? बायको, सासू आणि शेजारीण. लिहिणारा बुवा असला की बायको कजाग. इम्प्रॉव्ह मी गेल्या वर्षी एका कार्यशाळेत केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा स्टेजवर रेल्वेचा गार्ड झाले, खवळलेला बैल झाले, एकदा तर बंद पडलेला फ्रीज झाले. कुणी विचारलं नाही की बाई असून कसं. त्यासाठी तरी मी हे करीन. पण तालीम रात्री साडेनऊला सुरू होते आणि साडेअकराला मला वडगावला कोण सोडणार, ह्यावर गटाची बैठक होते. धागाकर्त्यांच्या भाच्यानं गट काढला तर तालीम संध्याकाळी सहाला ठेवायला सांगा. मी येते.

अथणीचा

आमच्या बाजूचं एक उदाहरण. कन्नड नट मास्टर हिरण्णय्या. त्यांचं नाटक 'लंचावतार', म्हणजे लाचेचा अवतार. हजारो प्रयोग. गाडी मध्येच थांबवून त्या आठवड्याच्या मंत्र्या-संत्र्यांवर बोलायचे आणि परत नाटकात यायचे. माणूस म्हैसूरकडचा, पण नाव आमच्याकडंही घरोघरी. कन्नड कंपनी नाटकाला बनशंकरीच्या जत्रेत अजून लोक तिकीट काढून बसतात. भाच्यानं तिथं आठ दिवस नुसतं मुक्काम करून बघावं. शिकवणी फुकट.

तिसरं गेट (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. निपाणीकरांच्या पहिल्या ओळीनंतर झोप उडाली होती, खानापूरच्यांच्या प्रतिसादानं परत आली.

भाच्याला सगळं वाचून दाखवलं. वहीच्या प्रश्नावर गप्प झाला. मग आतून तीन वह्या घेऊन आला. फौंड्रीतल्या सात महिन्यांच्या. लंच टाइममध्ये लिहिलेल्या. सुपरवायझर कसा बोलतो, मोल्डिंगवाले बिहारी पोरं कानडी कशी शिकतात, शिफ्टच्या भोंग्याआधीची पाच मिनिटं कशी जातात. मी दोन पानं वाचली आणि त्याचं मोठं होणं माझ्या लक्षातच आलं नव्हतं असं वाटलं. विनोद फारसा नव्हता त्यात. माणसं मात्र होती.

तर ठरलंय असं : पाच जणांचा गट. रिहर्सलवाली ताई खरंच येतेय, तालीम सहाला. बैलहोंगलचा एक कन्नड पोरगा आहे, फौंड्रीतलाच दोस्त, त्याला मराठी समजतं पण बोलताना अडखळतो. टिळकवाडीत एक लहान हॉल ठरवलाय, पत्र्याचा. तिकीट १०० रुपये. शिवी बंद, हे बुकिशरावांसाठी.

एक शंका : कार्यक्रमाला संहिता मागतात का? नसलेली कुठून द्यायची?

जुना पंखा

महाराष्ट्रात नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं आधी द्यावी लागते, प्रमाणपत्र घ्यावं लागतं. २०१६ साली अमोल पालेकरांनी ह्या पूर्वपरीक्षणाविरुद्ध कोर्टात अर्ज केला होता. भाव्यांच्या वनचराला ही अडचण आली असती तर काय झालं असतं कोण जाणे! तुमचा हॉल कर्नाटकात, तेव्हा इथल्या पोलीस ठाण्यात आधी जाऊन विचारून घ्या आणि ध्वनिक्षेपकाचं काय ते बघा. पावसाचंही बघा, पत्रा म्हणताय.

तिसरं गेट (धागाकर्ता)

झाला एकदाचा कार्यक्रम. पंखाकाका, तुमच्या तोंडात साखर पडो की कुंदा, पण पाऊस आला.

सुरुवात वाईट. भाच्यानं इंजिनियरांवरचा घोटून तयार केलेला विनोद टाकला, तो सरळ जमिनीवर पडला. त्याचं पडणं मागच्या रांगेपर्यंत ऐकू आलं. पुढची पाच मिनिटं तो लोकांकडं बघतच नव्हता. गार्ड झालेल्या ताईंनी दोन प्रवेश ओढून नेले.

मग विषय मागितला. "एखादी जागा सांगा." कुणी बोलेना. बेळगावचा प्रेक्षक, आधी दुसऱ्यानं हसावं म्हणून थांबणारा. तेवढ्यात चौथ्या रांगेतून आवाज आला, "पिठाची गिरण." आमची ताई. येणार नाही म्हणाली होती.

भाचा गिरणवाला झाला, बैलहोंगलचा पोरगा डबा घेऊन आलेला. पोरानं डबा ठेवला आणि पहिला प्रश्न कन्नडमध्ये टाकला, माझ्या आधी काय दळलंस? बायका तिथंच हसल्या, कारण नाचणीवर आपले तांदूळ कोण टाकेल? भाचा म्हणाला, "नाचणी नाही, जोंधळा होता." पोरगा वाकून चाळणीत बघतो, बोट लावतो, जिभेवर ठेवतो. "मिरची!" भाचा, "हां… म्हणजे जोंधळ्याच्या आधी मिरची होती." मान्य करून भर घालणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

आणि पावसानं पत्रा धरला. काही म्हणजे काही ऐकू येईना. मला वाटलं, संपलं. भाच्यानं वर पत्र्याकडं बघितलं आणि हातानं पट्टा चढवायची खूण केली. गिरण सुरू! तो आवाज गिरणीचा झाला. मग दोघं एकमेकांच्या कानात ओरडायला लागले. लोकांना शब्द ऐकू येत नव्हते, पण गिरणीत उभं राहून गप्पा मारलेल्या प्रत्येकाला कळत होतं, काय चाललंय ते. एक ओरडतो, दुसरा भलतंच ऐकून भलताच डबा उचलतो. दहा मिनिटं हे. मी इतका हसलो की चष्मा काढून ठेवला.

आणि आपल्याकडचा पाऊस कसा, नळ बंद केल्यासारखा थांबतो. तो थांबला आणि त्याच क्षणी बैलहोंगलचा पोरगा सगळा जीव एकवटून ओरडत होता, अडखळत्या मराठीत : "मी नोकरी सोडलं! आईला सांगू नको!"

हॉल चिडीचूप. ताई चौथ्या रांगेत. पोरगा तोंडावर हात ठेवून उभा.

भाच्यानं सावकाश पट्टा उतरवला, पीठ झटकलं आणि अगदी हळू म्हणाला, "कळलं तिला."

पुढचं काय लिहू. दोन मिनिटं कुणाला बोलता आलं नाही. ताई हसली का, ते मी बघितलं नाही, माझी हिंमत झाली नाही. परतताना गाडीत एवढंच म्हणाली, "तो कन्नड पोरगा चांगला आहे."

हिशेब, निपाणीकरांसाठी : तिकिटं ४७, जमा ४,७००. हॉल २,५००, साउंड १,५००, पोस्टर ३००. शिल्लक ४००. पाच जणांत प्रत्येकी ८० रुपये. बैलहोंगलचं जाण्यायेण्याचं भाडं वजा जाता त्या पोराच्या हातात काही उरलं नाही. रिहर्सलवाली ताई बायकांसाठीच्या शक्ती योजनेत बसनं फुकट आली, त्यामुळं निव्वळ नफ्यात ती एकटीच.

रिहर्सलवाली

नफ्यातून फ्रीजचा ड्रेस शिवणार आहे.

खानापूरचा, सध्या पुणे

"कळलं तिला" हे वहीत लिहिलं का त्यानं? त्याच रात्री?

शिफ्टचा भोंगा (नवीन सदस्य)

लिहिलं.

मामा, आई हा धागा पहिल्या दिवसापासून वाचत्येय. तिला निपाणीकर काकांना विचारायचंय, त्यांचे भाऊ एका लग्नाच्या निवेदनाचे किती घेतात? आमच्या गल्लीत मार्गशीर्षात एक लग्न आहे, मुलीकडचे कन्नड आहेत.